बांधणारे पुष्कळ, राखणारे कोण?

निकाल लागले की पदवी हाती आलेली मुले आपल्या जुन्या अध्यापकांकडे येऊ लागतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला हा अनुभव नवा नाही. 'पुढे काय?' हा त्यांचा प्रश्नही नवा नाही. पण अलीकडे आलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट थोडी निराळी होती. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला हा मुलगा बी. ए. झाला होता आणि चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत त्याला काम मिळत होते. नेमणुकीच्या कागदावर कामाचे नाव होते 'फॅसिलिटी असोसिएट'. बरोबर आलेल्या त्याच्या वडिलांनी मला सरळच विचारले, "सर, म्हणजे झाडूच मारायचा ना? त्यासाठी पंधरा वर्षे शिकवला का याला?"

त्या प्रश्नाला मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे उशिरा सुचलेले उत्तर आहे. त्या वडिलांची शंका खोटी नव्हती, आणि ज्या व्यवसायाविषयी ती होती तो व्यवसायही खोटा नाही. व्यवसाय खरा आहे, त्याला भवितव्यही आहे. परंतु आपली मुले त्यात ज्या दाराने शिरत आहेत ते दार चुकीचे आहे, आणि ते तसे असण्याचा दोष केवळ मुलांचा नाही.

व्यवसायाचे स्वरूप

'फॅसिलिटी मॅनेजमेंट' या शब्दाला मराठीत 'सुविधा व्यवस्थापन' असा प्रतिशब्द रूढ होऊ पाहत आहे. त्यापेक्षा 'वास्तूची राखण' म्हटले तर अर्थ लवकर कळेल. मोठी इमारत उभी राहिली की तिला रोज चालवावे लागते. रोहित्रातून येणारी वीज, ती गेल्यास सुरू होणारे जनित्र, पाण्याचे पंप, सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र, उद्वाहक, वातानुकूलन, आग विझविण्याची यंत्रणा ही झाली या कामाची तांत्रिक बाजू. साफसफाई, पहारा, बाग, उपाहारगृह, कीटकनाशन ही दुसरी बाजू. या दोन्ही बाजू एका हाताखाली आणून, ठरलेल्या खर्चात, माणसांना इजा न होता आणि काम न थांबता इमारत चालती ठेवणे, हे या व्यवस्थापकाचे काम. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९८० साली स्थापन झाली. २०१८ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. म्हणजे जगाने याला स्वतंत्र शास्त्र मानून बराच काळ लोटला आहे.

अशा व्यवस्थापकाची सकाळ बहुधा एका नोंदवहीने सुरू होते. रात्रपाळीत जनित्र किती वेळ चालले, डिझेल किती उरले, अग्निशमनाच्या पंपाच्या दाबमापकाचा काटा जागेवर आहे की नाही, वरच्या टाकीची पातळी काय, कोणता उद्वाहक अडखळतो, रात्री कोण रजेवर होते, हे सारे तो पाहतो. यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करणे ही यातली शेवटची पायरी होय. ते बिघडू नये म्हणून ठरलेल्या तारखेला त्याचे तेल, पट्टा, बेअरिंग, अर्थिंग तपासणे ही खरी विद्या. काम उत्तम झाले की बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसत नाही, आणि म्हणूनच या कामाची किंमत कोणाला चटकन कळत नाही.

जुन्या दात्यांचे शहाणपण

जुन्नरच्या माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. या गावाभोवतीचे डोंगर लेण्यांनी भरलेले आहेत. मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी आणि मंडप दान केल्याचा लेख आहे. राहण्याची जागा देणाऱ्याने पाण्याचीही सोय पाहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जुन्नरच्याच इतर लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे, म्हणजे त्या काळच्या व्यावसायिक संघांचे, उल्लेख येतात. दानाचे उत्पन्न अखंड मिळत राहावे म्हणून अशा श्रेणींकडे ते सोपविले जाई.

या व्यवहाराचा सर्वांत स्पष्ट हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात सापडतो. त्याने लेणे दान केले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवि' ठेवली. त्यांतले २००० एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने गुंतविले. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे आणि किरकोळ खर्च भागवायचा. वास्तू देताना तिच्या चालू खर्चाची तरतूद त्याच लेखात, दगडात कोरून ठेवण्याचे शहाणपण सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या दात्याजवळ होते.

आजच्या दात्याजवळ, म्हणजे शासन, जिल्हा परिषद, संस्था आणि देवस्थाने यांच्याजवळ, ते उरले आहे काय? कोणत्याही तालुक्याच्या गावी जावे. कोनशिला चकचकीत असते, तिच्यावर उद्घाटकांची नावे ओळीने असतात. आत गेल्यावर नळाला तोटी नसते, स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि आग विझविण्याच्या नळकांड्यावरची तारीख उलटून गेलेली असते. इमारतीसाठी भांडवली अनुदान मिळते, तिच्या देखभालीसाठी मिळते ते तुटपुंजे आणि उशिरा. उद्घाटनाला मंत्री येतात. पंपाचे बेअरिंग बदलले म्हणून कोणी फीत कापल्याचे ऐकिवात नाही.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. एका वर्षातल्या या तीन घटना आहेत. प्रत्येकीची कारणे आणि जबाबदारी ठरविणे हे चौकशीचे काम. पण इमारत, यंत्रे आणि डॉक्टर असूनही वास्तू राखण्यात चूक झाली तर काय घडते, हे शिकायला याहून अधिक उदाहरणांची गरज पडू नये. आग प्रतिबंधाचा कायदा महाराष्ट्रात २००६ सालचा आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावा असे तो सांगतो. आपल्या गावच्या किती इमारतींचा असा दाखला कोणी मागून पाहिला आहे?

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच शिवारात आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची आहे. त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात, उन्हापावसात उघड्यावर उभ्या आहेत. गेल्या शतकाच्या अखेरीस उभारलेली ही यंत्रणा आजही जगातील खगोलशास्त्रज्ञ वापरतात, कारण तिची नित्य देखभाल होते आणि मध्यंतरी तिचे मोठे अद्ययावतीकरणही झाले. आकाश वाचणारे शास्त्रज्ञ मोठे खरेच. पण मोटार, गिअर आणि वीजपुरवठा सांभाळणारे हात थांबले तर त्या शास्त्रज्ञांना आकाशातले काहीही ऐकू येणार नाही.

चुकीचे दार

मंचर किंवा नारायणगावहून पुणे-नाशिक रस्त्याने दक्षिणेला निघाले की चाकण लागते, पुढे भोसरी आणि पिंपरी-चिंचवड; शिरूरच्या बाजूला रांजणगाव. कारखाने, गोदामे, संगणक कंपन्यांच्या इमारती, रुग्णालये आणि शेकडो सदनिकांच्या वसाहती यांनी हा पट्टा भरला आहे. या प्रत्येक वास्तूला राखणारी माणसे लागतात आणि त्यांतली पुष्कळ आपल्या तालुक्यांतून जातात. मात्र त्यांना नेमतो कंत्राटदार, आणि तो निवडला जातो सर्वांत कमी दराच्या निविदेने.

या निविदेचे गणित मी वर्गात फळ्यावर मांडतो, ते येथे मांडतो. समजा, कामगाराचे कायदेशीर किमान वेतन १०० रुपये आहे. त्यावर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १२ रुपये, राज्य कामगार विम्याचा ३.२५ रुपये आणि किमान बोनस ८.३३ रुपये. बेरीज झाली १२३.५८ रुपये. यात गणवेश नाही, सुट्टीच्या दिवशी लागणाऱ्या बदली माणसाचा पगार नाही, उपदान नाही, झाडू-फिनेल नाही, देखरेख नाही आणि कंत्राटदाराचा नफाही नाही. आता निविदा ११५ रुपयांना मंजूर झाली, तर उरलेले पैसे येतात कोठून? ते कामगाराच्या खिशातून येतात. निर्वाह निधी कापला जातो पण भरला जात नाही, आठ तासांऐवजी बारा तास घेतले जातात, दहा माणसांच्या हजेरीवर सात माणसे काम करतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा निधी आठ महिने कापला गेला आणि त्याच्या खात्यावर एक रुपयाही जमा झाला नव्हता. त्याला हे कळले ते काम सोडल्यानंतर. स्वस्त निविदा स्वीकारणाऱ्या मालकाला हे गणित येत नाही असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

कायद्याची दृष्टीही येथे तपासली पाहिजे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा जाऊन त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. संस्थेच्या मूळ कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास ही संहिता काही अपवाद वगळता मनाई करते. परंतु साफसफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम, इमारतीची देखभाल ही कामे, संस्था त्यांच्यासाठीच स्थापन झालेली नसेल तर, मूळ काम मानू नयेत असेही ती सांगते. कायद्याच्या दृष्टीने ही व्याख्या सोयीची असेल. पण रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातली वीज आणि प्राणवायू यांची राखण हे रुग्णालयाचे मूळ काम नव्हे, असे २०२१ नंतर म्हणण्यास धैर्य लागते. त्याच संहितेत कंत्राटदाराने वेतन थकविले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली आहे, हे मात्र प्रत्येक कामगाराने पाठ करून ठेवावे.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, ती बोलून दाखविली पाहिजे. घाण काढणे हे काम आपल्या समाजाने शतकानुशतके जातीच्या माथी मारले. म्हणून गावात जो झाडू हाती धरणार नाही, तो शहरात गणवेश चढवून धरतो आणि घरी 'कंपनीत आहे' एवढेच सांगतो. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्याला आपण हार घालतो. तो खराटा धरणाऱ्या माणसाला मात्र नावाने हाकही मारत नाही. सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी असतानाही त्या टाक्यांत माणसे गुदमरून मरतात, यामागेही हीच दृष्टी आहे. कामाला प्रतिष्ठा नाही म्हणून दाम नाही, आणि दाम नाही म्हणून प्रतिष्ठा येत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

योग्य दार

मग तरुणांनी या व्यवसायाकडे पाठ फिरवावी काय? माझे मत तसे नाही. साताऱ्याच्या रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड यांनी टेल्कोतली अभियंत्याची नोकरी करता करता याच क्षेत्रातली गरज ओळखली आणि १९९७ साली मोजक्या माणसांनिशी कारखान्याच्या साफसफाईपासून सुरुवात केली. त्यातून उभा राहिलेला भारत विकास ग्रुप पुढे संसद भवनाच्या देखभालीपर्यंत पोहोचला आणि २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही त्याने चालविली. प्रत्येकाला गायकवाड होता येणार नाही. परंतु या क्षेत्राची शिडी मराठी माणसाला चढता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

ही शिडी चढायची तर पहिली पायरी नीट निवडली पाहिजे. केवळ पदवी घेऊन जो शिरतो तो साफसफाईच्या पाळीत शिरतो आणि पुष्कळदा तेथेच राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, नळ कारागीर किंवा प्रशीतन व वातानुकूलन यांपैकी एखादा व्यवसाय शिकून जो शिरतो, तो पहिल्याच दिवशी यंत्रापाशी उभा राहतो. तंत्रज्ञ, मग पाळी पर्यवेक्षक, मग सहायक आणि अखेर व्यवस्थापक असा त्याचा मार्ग असतो. विजेच्या कामाचा शासकीय परवाना काढून ठेवला तर ही वाट आणखी रुंद होते. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील पदवीधरांनाही हे क्षेत्र कमीपणाचे वाटू नये.

ज्याची पदवी झालीच आहे त्याने निराश होण्याचे कारण नाही. शिकाऊ उमेदवारीची वाट कायद्यानेच खुली आहे, आणि नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुढचे शिक्षण घेता येते. बी. ए. किंवा बी. कॉम. झालेल्या मुलाचे हिशेब, पत्रव्यवहार आणि माणसे हाताळण्याचे कौशल्य या व्यवसायात वाया जात नाही, कारण व्यवस्थापकाचा अर्धा दिवस देयके, करार आणि तक्रारी यांतच जातो. मात्र सफाईच्या पाळीत असतानाही त्याने पंपघरात डोकवावे, नोंदवही वाचायला शिकावे, संगणकावर रोजचा अहवाल लिहायला शिकावे. आणि दर महिन्याला भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात रक्कम पडली की नाही हे स्वतः पाहावे. कामावर येण्यापूर्वीच नेमणूकपत्र हाती घ्यावे. कागद न देणाऱ्या कंत्राटदाराकडे शिकण्यासारखे काही नसते.

शहराकडेच का?

शेवटचा मुद्दा आपल्या गावांचा. राखण हवी असलेल्या वास्तू केवळ चाकण-हिंजवडीलाच आहेत असे नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळा आहेत, मंचर-नारायणगावची रुग्णालये आहेत, दोन सहकारी साखर कारखाने आहेत, ओझर आणि लेण्याद्रीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठीच्या सोयी आहेत. जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. पर्यटक शिवनेरी पाहायला येतो खरा, पण पायथ्याचे स्वच्छतागृह पाहून परत यायचे की नाही ते ठरवितो.

हे काम स्थानिक तरुणांनी संघटितपणे घेणे अशक्य नाही. महाराष्ट्रात बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थांना शासकीय कार्यालयांतील अशी कामे देण्याची योजना आहे. ती पुष्कळदा कागदावर राहते, कधी कधी कंत्राटदारच सहकाराचा मुखवटा चढवितो, हे खरे. पण सहकार आपल्याला नवा नाही. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातूनच गेलेल्या माणसांनी १८९० पासून मुंबईत डब्यांची सेवा उभी केली. त्यांनी कोणाची निविदा भरली नाही. गटाने काम घेतले, मुकादम निवडला, कमाई वाटून घेतली. त्यांच्याजवळ पदव्या नव्हत्या; कामाचे मालक आपणच आहोत ही जाणीव होती. त्यांच्या नातवांनी पदव्या घेऊन कंत्राटदाराच्या हजेरीपटावर निमूट नाव घालावे, हा काळाचा विपरीत न्याय म्हटला पाहिजे.

त्यासाठी कार्यालयांनी आणि संस्थांनी एवढे करावे. नवी इमारत मंजूर करताना तिच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच कागदावर मंजूर करावी. उषवदाताने केले त्यापेक्षा हे अवघड नाही. वर मांडलेल्या कायदेशीर बेरजेच्या खाली आलेली निविदा उघडताच बाद करावी. आणि तालुक्यातील प्रशिक्षण संस्थांनी या राखणीच्या कामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम, आश्रमशाळा आणि रुग्णालये यांनाच प्रयोगशाळा मानून, सुरू करावा.

त्या मुलाने चाकणची नोकरी तूर्त नाकारली आहे आणि वीजतंत्रीच्या प्रवेशासाठी अर्ज भरला आहे. त्यात दोन वर्षे जातील. घरची शेती दोन एकर, तीही पावसावरची, तेव्हा ही दोन वर्षे त्या कुटुंबाला किती महाग पडणार आहेत याची मला कल्पना आहे. त्याच्या वडिलांना मला आता एवढेच सांगायचे आहे: झाडूही मारावा लागेल, आणि त्यात लाज नाही. पण झाडू ठेवल्यानंतर हाती घ्यायला दुसरे अवजार असावे, म्हणून त्याला शिकवायचे आहे.